चर्चच्या फाटकापर्यंत नेणारे उपग्रह : जिओकॅशिंग म्हणजे काय आणि चर्चना त्याचा उपयोग कसा होतो?

नव्या लोकांनी चर्चची पायरी चढावी म्हणून ब्रिटनमधली काही चर्चेस जीपीएसवर खेळल्या जाणाऱ्या जिओकॅशिंग या खेळाची मदत घेतात, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि वाचणारा गोंधळून जातो. प्रार्थनेचा आणि उपग्रहांचा संबंध काय, लपवलेली डबी शोधायला आलेला माणूस उपासक कसा होणार, आणि थडग्यांच्या मधून फोन हातात धरून फिरणे शोभते का, हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मिळवायची तर चर्चची अडचण, जीपीएसचे काम आणि तो खेळ या गोष्टी एकेक करून समजून घ्याव्या लागतात. इथे उदाहरण म्हणून मुख्यतः इंग्लंड घेतले आहे, कारण खेड्यापाड्यांत विखुरलेली जुनी चर्चेस आणि पायी भटकण्याची मुरलेली सवय या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आढळतात.

अडचण नेमकी कोणती आहे?

इंग्लंडच्या अधिकृत चर्चकडे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडकडे, सुमारे १६,००० चर्च-इमारती आहेत. त्यांपैकी १२,००० हून अधिक इमारती कायद्याने संरक्षित वारशाच्या यादीत आहेत, आणि त्या यादीतल्या सर्वोच्च श्रेणीच्या इमारतींपैकी जवळपास ४५ टक्के या एकाच संस्थेच्या ताब्यात आहेत. हे वाचायला भूषणावह वाटते, पण छपराचे शिसे बदलणे, मनोऱ्याचा दगड सांधणे, गळती थांबवणे हा खर्च बहुतेक वेळा त्या त्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीतल्या, मूठभर माणसांनाच उभा करावा लागतो.

ही माणसे कमी होत आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर आले; ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे ३७.२ टक्के निघाले. चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनांना दर आठवड्याला सरासरी किती लोक येतात हे पाहिले, तर २०१९ मध्ये हा आकडा सुमारे साडेआठ लाख होता. करोनाच्या काळात तो कोसळला, नंतर हळूहळू सावरला आणि २०२४ मध्ये सात लाखांच्या आसपास पोहोचला.

या आकड्यांमागे श्रद्धेचा प्रश्न आहेच, परंतु त्याच्या आधी एक साधा, व्यवहारातला प्रश्न आहे. ज्या माणसाच्या घरात दोन पिढ्या कोणी उपासनेला गेलेले नाही, त्याला गावातल्या चर्चमध्ये शिरताना संकोच वाटतो. दार उघडे आहे का, आत कोणी हटकेल का, आत गेल्यावर काय करायचे असते, हे त्याला ठाऊक नसते. लग्न किंवा अंत्यविधी वगळता आत जाण्याचे कारणच त्याच्याकडे उरलेले नाही. जिओकॅशिंग हे कारण पुरवते.

जीपीएसला आपली जागा कशी कळते?

अशी कल्पना करा, की तीन गावांतल्या तीन देवळांत बरोबर बारा वाजता घंटा वाजते आणि आपण मधल्या माळरानावर अचूक घड्याळ घेऊन उभे आहोत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिली घंटा बारा वाजून तीन सेकंदांनी ऐकू आली, तर ते देऊळ आपल्यापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे. तिन्ही देवळांपासूनची अंतरे अशी काढली आणि ती देवळे नकाशावर कुठे आहेत हे माहीत असले, की आपली जागा एकाच ठिकाणी निश्चित होते.

जीपीएसमध्ये देवळांच्या जागी उपग्रह आहेत आणि घंटानादाच्या जागी रेडिओ लहरी. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे अमेरिकी उपग्रह अणुघड्याळे बाळगतात आणि ‘मी अमुक जागी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ एवढाच संदेश अखंड पाठवत राहतात. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने येतात, म्हणून वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. आपल्या फोनमधले घड्याळ इतके अचूक नसते. त्याची चूक हिशेबातून काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो, आणि म्हणून किमान चार उपग्रह ‘दिसल्याशिवाय’ जागा नीट सांगता येत नाही. आजचे फोन अमेरिकी उपग्रहांच्या जोडीने युरोपच्या गॅलिलिओसारख्या इतर यंत्रणांचेही संदेश घेतात.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. चर्चच्या आवारात मात्र त्याची थोडी फजिती होते. दगडी मनोऱ्यावर आपटून परत आलेली लहर लांबचा रस्ता घेऊन पोहोचते आणि फोन ते अंतर खरे धरतो. जुन्या, गर्द यू वृक्षांखाली संदेश क्षीण होतो. मग पडद्यावरचा बाण एकदा मनोऱ्याच्या उत्तरेला, एकदा दक्षिणेला वळतो. अशा वेळी खेळणारे फोन खिशात ठेवतात आणि डोळ्यांनी शोधू लागतात. चर्चच्या दृष्टीने हाच क्षण मोलाचा आहे, कारण पडद्यात बुडालेला माणूस तेव्हा वर पाहतो आणि ती इमारत त्याला पहिल्यांदा नीट दिसते.

हा खेळ आला कुठून?

मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संदेशांत जाणूनबुजून चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होती. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ त्या महिन्याच्या आरंभी बंद झाली. लगेचच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली, तिच्यात काही वस्तू आणि एक वही घातली, आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटाला कळवले. ‘काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा’ एवढाच त्याचा नियम होता. काही दिवसांतच लोकांनी ती बादली शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा लपवलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारे जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झाले. आज जगभरात अशा तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत.

थोडक्यात, जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली डबी शोधणे, तिच्यातल्या कागदावर नाव आणि तारीख लिहिणे, आणि डबी होती तशी परत ठेवणे. लहानात लहान डब्यांना मायक्रो म्हणतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी हे त्यांचे नमुनेदार रूप. आत गुंडाळीच्या कागदाखेरीज काही मावत नाही.

इंग्लंडला ही कल्पना फारशी परकी वाटली नाही, त्यालाही कारण आहे. डेव्हनमधल्या डार्टमूर या उघड्या, दलदलीच्या पठारावर जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती, आणि तिथवर पोहोचणारे लोक तिच्यात आपले नाव लिहून ठेवत. त्यातून उभा राहिलेला पत्रपेट्या शोधण्याचा छंद त्या भागात आजही जिवंत आहे.

चर्चशी गाठ कशी पडली?

ही गाठ बांधण्यात पुढाकार चर्चचा नव्हता. २००७ च्या सुमारास ब्रिटनमधल्या हौशी खेळाडूंनी ‘चर्च मायक्रो’ नावाची मालिका सुरू केली. गावातले चर्च पाहण्यासारखे असेल, तर तिथे किंवा त्याच्या जवळपास एक छोटी डबी लपवायची आणि नोंदीच्या पानावर त्या चर्चची माहिती द्यायची, असा साधा प्रघात पडला. पाहता पाहता देशभर अशा हजारो डब्या झाल्या. हे लोक कोणी प्रचारक नव्हते. खेड्यातल्या चर्चपाशी गाडी लावायला थोडी जागा असते, बाक असतो, शांतता असते आणि बघायला आठ-नऊशे वर्षांचा इतिहास असतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

यातल्या पुष्कळ डब्या थेट सापडत नाहीत. दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर गेले की फक्त चर्चचे फाटक लागते, आणि डबीच्या खऱ्या जागेचे आकडे तिथल्या खुणांमधून जुळवावे लागतात. समजा, नोंदीत लिहिले आहे : ‘युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावे किती, ती संख्या क. दाराच्या डाव्या हाताच्या पाटीवर घंटा पुन्हा टांगल्याचे वर्ष आहे, त्याचा शेवटचा अंक ख.’ मग क आणि ख घालून अक्षांशाच्या मिनिटातले दशांश चिन्हापुढचे तीन अंक पूर्ण करायचे. त्यातला शेवटचा अंक एकाने चुकला, तर जागा उत्तरेला किंवा दक्षिणेला सुमारे १.८५ मीटर सरकते. मधला चुकला तर साडेअठरा मीटर. म्हणजे शोधणाऱ्याला स्मारकावरची नावे खरोखर मोजावी लागतात. पन्नास-साठ उंबऱ्यांच्या गावातून गेलेल्या आणि परत न आलेल्या तरुणांची नावे एकेक करून मोजणारा माणूस, त्यातले एकच आडनाव तीनदा आले, तर थांबतोच. धर्मोपदेश न करताही ती जागा त्याच्याशी बोललेली असते, आणि या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

चर्चच्या लोकांना हे उशिरा लक्षात आले. आवारात भिंतीशी वाकून काही शोधणारी अनोळखी माणसे कोण, हे कळल्यावर काहींनी कपाळाला आठ्या घातल्या, तर काहींनी त्यांच्यासाठी दार उघडे ठेवायला सुरुवात केली. जिथे दुसरा मार्ग धरला गेला तिथे कोड्याची एखादी खूण मुद्दाम आत ठेवण्याची सोय होते : बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला बाजू किती, पूर्वेकडच्या रंगीत काचेच्या खिडकीत कोणता प्राणी आहे, यांसारखी. शेजारी अभ्यागतांची वही, चहाची किटली आणि पुढच्या रविवारच्या उपासनेची वेळ लिहिलेला कागद असतो.

मग हा आडमार्गाने केलेला धर्मप्रचार नाही का?

ही शंका धर्म न मानणारे घेतात, तशीच इतर धर्मांचे लोकही घेतात. तिचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. जिओकॅशिंग डॉट कॉमच्या नियमांनुसार धार्मिक, राजकीय, सामाजिक किंवा धर्मादाय हेतूंचा पुरस्कार करणारी नोंद मान्य होत नाही. प्रत्येक नवी डबी प्रसिद्ध होण्यापूर्वी एक स्वयंसेवक परीक्षक तिची नोंद तपासतो. ‘हे चर्च बाराव्या शतकातले आहे, मनोरा नंतरचा आहे’ असे लिहिता येते. ‘येशूकडे या’ किंवा ‘रविवारी उपासनेला या’ असे लिहिता येत नाही.

ही अट चर्चच्या हिताची आहे, असे माझे ठाम मत आहे. आमंत्रणात आमिष आहे असा संशय आला, की माणूस सावध होतो आणि पुन्हा फिरकत नाही. ज्याला फक्त डबी हवी आहे त्याला फक्त डबी घेऊ द्यावी. त्यापलीकडे काही विचारायचे असेल तर विचारता येईल असे माणूस तिथे असावे, आणि तो निर्णय येणाऱ्यावर सोडावा.

थडग्यांमध्ये खेळ, हा अनादर नव्हे काय?

ही हरकत अधिक गंभीर आहे, कारण ती ज्यांचे आप्त त्या मातीत आहेत त्यांच्याकडून येते. ब्रिटनमध्ये जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापकाची परवानगी घेऊनच डबी ठेवायची असते. डबी पुरता येत नाही आणि खणता येत नाही. दगडाला किंवा झाडाला इजा करता येत नाही. चर्चच्या आवारासाठी ही परवानगी तिथल्या धर्मगुरूंकडून आणि धर्मग्रामाच्या मंडळाकडून यायला हवी. समंजस खेळाडू थडग्यावर किंवा त्याच्या दगडाआड डबी ठेवत नाहीत. फाटकाचा खांब, सूचनाफलकाची मागची बाजू, आवाराबाहेरचा बाक अशा जागा निवडतात, आणि अंत्यविधी चालू असेल तर परत फिरतात. हे नियम सगळेच पाळतात असे नाही. गवत तुडवले जाते, जुन्या भिंतीचा दगड उपसून पाहिला जातो, आणि अशी तक्रार आली की ती डबी काढून टाकणे हाच योग्य उपाय असतो.

सुरक्षेची बाजूही आहे. जुलै २०११ मध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात रस्त्यावर कोणीतरी एक डबी लपवताना दिसला, संशय आला, रस्ता बंद झाला आणि लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने ती डबी उडवून दिली. ती जिओकॅशिंगची निघाली. म्हणून डबी पारदर्शक असावी, तिच्यावर ती काय आहे हे लिहिलेले असावे आणि ती कुठे आहे हे जागेच्या रखवालदाराला ठाऊक असावे.

पोकेमॉन गो आणि हे एकच का?

दोन्ही खेळ जीपीएसवर चालतात, पण परवानगीच्या बाबतीत ते अगदी वेगळे आहेत. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा असंख्य चर्चेस न विचारता त्या खेळातले थांबे झाली. फोनच्या पडद्यावर जागोजागी काल्पनिक प्राणी आणि वस्तू दिसत आणि त्या मिळवण्यासाठी खेळणाऱ्यांना खरोखर तिथे जावे लागे. त्या जागांची यादी नियँटिक या कंपनीच्या आधीच्या खेळातून आली होती, आणि ती बरीचशी खेळाडूंनीच सुचवलेली होती. चर्च ऑफ इंग्लंडने तेव्हा आपल्या धर्मग्रामांसाठी सल्ला प्रसिद्ध केला : आपले चर्च त्या खेळात आहे का ते पाहा, असेल तर येणाऱ्यांचे स्वागत करा, पाणी आणि फोन चार्ज करण्याची सोय ठेवा. त्याच महिन्यात, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने आणि ऑशविट्झच्या स्मारकाने मात्र आमच्या आवारात हे खेळू नका असे सांगितले, आणि तेही तितकेच योग्य होते. कोणती जागा खेळाला मोकळी करायची, हे त्या जागेची जबाबदारी वाहणाऱ्यांनी ठरवायला हवे.

हा प्रश्न आपल्याकडेही आला होता. २०१६ मध्ये, खेळ भारतात अधिकृतपणे येण्यापूर्वीच, त्यातली अंडी देवळांसारख्या पूजास्थानी दिसतात आणि त्याने श्रद्धाळूंच्या भावना दुखावतात, अशी जनहित याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली आणि न्यायालयाने कंपनीला नोटीस काढली. अंड्याचा आक्षेप वगळला तरी मूळ तक्रार उरते : आमच्या जागेवर तुम्ही काहीतरी ठेवले, आम्हाला विचारले नाही. जिओकॅशिंगमध्ये परवानगीची अट असल्यामुळे ही तक्रार सुरुवातीलाच टळते, निदान टळायला हवी.

आपण कुठे आहोत हे चर्चला कळते का?

जीपीएसमुळे कळत नाही. उपग्रह फक्त बोलतात, ऐकत नाहीत. आपला फोन त्यांना काहीही कळवत नाही आणि जागेचा हिशेब फोनच्या आतच होतो. जागेची माहिती बाहेर जाते ती फोनमधल्या अ‍ॅपमधून, आणि तीही आपण परवानगी दिली असेल तर. डबी सापडल्याची नोंद संकेतस्थळावर केली तर ती टोपणनावाने सर्वांना दिसते. चर्चने मात्र मुलांच्या बाबतीत दक्ष राहायला हवे. सुट्टीत मुले एकटी डब्या शोधत येणार असतील, तर आवारात कोण जबाबदार आहे, हे आधी ठरलेले असावे.

शेवटी, उपासक वाढतात का?

अभ्यागत आणि उपासक यांत फरक आहे, आणि चर्चसाठी तो सोयीस्करपणे विसरणे घातक आहे. महिन्याला चाळीस लोक डबी शोधायला आले म्हणून रविवारी चाळीस लोक बाकांवर बसत नाहीत. त्यातले बरेचसे दहा मिनिटांत पुढच्या डबीकडे निघून जातात. तरीही काही बदल नक्की होतात. जागा ओळखीची होते. शेजारच्या गावातल्या माणसाला ते चर्च उघडे असते हे कळते. दानपेटीत थोडे पैसे पडतात. आणि छपराच्या दुरुस्तीसाठी अनुदान मागताना, या इमारतीचा उपयोग उपासकांखेरीज इतरांनाही होतो, हे दाखवता येते. जीवनातल्या एखाद्या अवघड दिवशी माणूस जिथे जातो ती जागा बहुधा त्याने आधी एकदा तरी पाहिलेली असते. ती पहिली भेट घडवण्यापुरते हे साधन उपयोगी आहे, आणि त्याहून अधिक श्रेय त्याला देऊ नये.

मात्र त्यासाठी दार उघडे लागते. छपराचे शिसे आणि आतल्या वस्तू चोरीला जातात या भीतीने अनेक खेड्यांतली चर्चेस आठवडाभर बंद असतात. उलट, इंग्लंडमधल्या बहुतेक चर्चचा विमा उतरवणारी एक्लेझियास्टिकल ही कंपनी चर्च दिवसा उघडे ठेवण्यास प्रोत्साहन देते, कारण येणे-जाणे असलेल्या जागेवर चार डोळ्यांचे लक्ष राहते. वीस हजार किलोमीटरवरून संदेश घेऊन अचूक पोहोचलेल्या माणसाला कुलूप दिसले, तर चूक उपग्रहांची नसते.

एखाद्या धर्मग्रामाला यात उतरायचे असेल, तर डबीच्या आधी एक बारीक काम आहे. ग्रामीण इंग्लंडमध्ये एक पोस्टकोड मोठा टापू व्यापतो. चर्चची जागा नकाशावर पोस्टकोडवरून टाकली असेल, तर ती खूण अनेकदा शेतात किंवा दुसऱ्याच गल्लीत पडते आणि पहिल्यांदा येणारा माणूस तिथूनच परत फिरतो. म्हणून कोणीतरी फोन घेऊन फाटकाशी उभे राहावे, मनोऱ्यापासून थोडे दूर, मोकळ्या आकाशाखाली. दोन-तीन वेगळ्या दिवशी तिथले अक्षांश-रेखांश टिपावेत. आणि ते गूगल मॅप्सवर तसेच चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावरच्या आपल्या पानावर दुरुस्त करावेत. सोबत उघडण्याच्या वेळा आणि किल्ली कोणाकडे मिळेल हे लिहावे. एवढे झाले, की डबीसाठी जागा शोधायला हरकत नाही.